तुमचे यंत्र शेजाऱ्याच्या रेडिओत बोलते का?

शाळांच्या विज्ञान प्रदर्शनांत गेल्या काही वर्षांत मोठा बदल झाला आहे. पूर्वी पुठ्ठ्याचा ज्वालामुखी, जलचक्राचा तक्ता, फार तर विजेची घंटा एवढ्यावर प्रदर्शन भागत असे. आता अकोटसारख्या तालुक्याच्या गावीही आठवी-नववीची मुले मायक्रोकंट्रोलर वापरून यंत्रे तयार करतात. कोणी जमिनीतला ओलावा मोजून ठिबकचा पंप आपोआप सुरू करणारे यंत्र करतो. कोणी टाकी भरताच मोटार बंद करणारे करते. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांतली मुले रोही आणि रानडुकरे शेतात शिरताच भोंगा वाजवणारे यंत्र मांडतात. ही सगळी आनंदाची गोष्ट आहे.

अशा यंत्रासमोर परीक्षक उभे राहिले की ते ठरावीक तीन प्रश्न विचारतात. यंत्र चालते का? खर्च किती आला? उपयोग काय? माझे मत असे आहे की या तीन प्रश्नांत चौथ्याची भर घालायला हवी. हे यंत्र चालू असताना शेजारच्या रेडिओत खरखर होते का?

हा प्रश्न तुम्हाला क्षुल्लक वाटेल. पण इलेक्ट्रॉनिक वस्तू तयार करणाऱ्या कारखान्यांना तो चुकत नाही. अमेरिका, युरोप आणि इतर अनेक देशांत मायक्रोकंट्रोलर असलेली वस्तू विकायची, तर ती किती रेडिओलहरी बाहेर टाकते याची मर्यादा ठरलेली आहे आणि वस्तू त्या मर्यादेत बसते हे दाखवावे लागते. या तपासणीला उत्सर्जन चाचणी म्हणतात. यंत्र पूर्ण झाले, पेटी रंगवून झाली, आणि मग ते या चाचणीत नापास झाले, तर सगळा आराखडा मुळापासून बदलण्याची पाळी येते. म्हणून चाचणीची तयारी कागदावर परिपथ काढतानाच सुरू झाली पाहिजे. तिची सवय शाळेत लागावी आणि त्यासाठी खिशातला साधा रेडिओ पुरेसा आहे, एवढेच मला या लेखात पटवून द्यायचे आहे.

ठिणगी आणि कुंपण

जर्मनीतील कार्ल्सरूह येथे हाइनरिश हर्ट्झ याने १८८७-८८ साली केलेले प्रयोग तुम्ही वाचले असतील. धातूच्या दोन गोळ्यांमध्ये त्याने ठिणगी पाडली. काही अंतरावर तारेचे एक अपुरे कडे होते. त्याच्या दोन टोकांमधल्या बारीक फटीतही ठिणगी दिसली. मध्ये तार नव्हती, तरी ऊर्जा पोहोचली. विद्युतप्रवाह झपाट्याने बदलला की विद्युतचुंबकीय लहरी निघतात, हे मॅक्सवेलचे गणित अशा रीतीने प्रत्यक्षात उतरले.

हाच प्रयोग आपल्या भागात रोज रात्री नकळत चालतो. पिकाच्या राखणीसाठी शेतकरी कुंपणाला 'झटका मशीन' लावतात. सौर पॅनेलवर चालणारे हे यंत्र साधारण दर सेकंदाला एकदा काही हजार व्होल्टचा पण अतिशय अल्पकाळाचा स्पंद तारेत सोडते. (मेन्सची वीज थेट कुंपणात सोडणे ही वेगळी गोष्ट. तो गुन्हा आहे आणि त्याने माणसे दगावतात.) कुंपणाची तार गवताला टेकली, किंवा चिनी मातीचा चिमणी इन्सुलेटर तडकला, की तिथे प्रत्येक स्पंदाला बारीकशी ठिणगी पडते. शेकडो मीटर लांबीची तार मग अँटेना होते. जवळच्या मळ्यात मध्यम लहरींचा रेडिओ लावलात तर 'टक्... टक्... टक्...' असा संथ ठोका ऐकू येईल. तो ठोका म्हणजे हर्ट्झची ठिणगीच.

मायक्रोकंट्रोलरमध्ये ठिणगी पडत नाही. मग त्याचा रेडिओशी काय संबंध?

चौकोनी लहरीच्या पोटात काय असते?

मायक्रोकंट्रोलर म्हणजे एकाच चिपवर बसवलेला छोटा संगणक. त्याला कामाचा ताल देण्यासाठी घड्याळ असते. शाळांत सर्रास दिसणाऱ्या 'आर्डुइनो उनो' या पट्टीवर हे घड्याळ १६ मेगाहर्ट्झचे, म्हणजे सेकंदाला १ कोटी ६० लाख ठोक्यांचे असते. प्रत्येक ठोक्याला विद्युतदाब ० वरून ५ व्होल्टवर उडी मारतो आणि परत खाली येतो. आलेख काढला तर चौकोनी दात दिसतात.

आता तबला आणि बासरी आठवा. बासरीचा सूर मऊ असतो, तबल्याची थाप तुटक असते. जितका बदल तुटक, तितके त्यात वरचे स्वर अधिक. फुरिए या फ्रेंच गणितज्ञाने दाखवून दिले आहे की पुन्हापुन्हा येणारा कोणताही आकार अनेक साध्या ज्या-लहरींची बेरीज म्हणून लिहिता येतो. काटेकोर चौकोनी लहरीत मूळ वारंवारतेच्या ३ पट, ५ पट, ७ पट, ९ पट अशा विषम पटींच्या लहरी असतात. म्हणजे १६ मेगाहर्ट्झबरोबर ४८, ८०, ११२, १४४ मेगाहर्ट्झ. शिवाय चिप ठोका वर जाताना आणि खाली येताना, अशी दोन्ही वेळा विजेचा घोट घेते, आणि प्रत्यक्षातले दात कधीच अगदी समान नसतात. म्हणून ३२, ६४, ९६ अशा सम पटीही त्यात मिसळतात. या पटींना संनादी म्हणतात.

आता हे आकडे कुठे पडतात ते पाहा. एफएम नभोवाणीचा पट्टा ८८ ते १०८ मेगाहर्ट्झचा आहे. ९६ त्याच्या मधोमध येतो. ११२ हा विमानांना वाट दाखवणाऱ्या संकेतांच्या पट्ट्यात येतो आणि १४४ हौशी बिनतारी संदेशवाल्यांच्या पट्ट्यात. तुम्हाला फक्त कपाशीला पाणी द्यायचे होते. पण तुमच्या यंत्राने कोणाचीही परवानगी न घेता इतक्या ठिकाणी बोलायला सुरुवात केली.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. संनादी किती वरपर्यंत पसरतील, हे ठोक्यांच्या संख्येइतकेच उडीच्या वेगावर अवलंबून असते. दाब ० वरून ५ व्होल्टवर जायला ५ नॅनोसेकंद लागत असतील, तर सुमारे ६४ मेगाहर्ट्झपर्यंत संनादी बऱ्यापैकी जोरकस राहतात आणि त्यानंतर झपाट्याने क्षीण होतात. उडी १ नॅनोसेकंदाची असेल, तर हीच सीमा ३०० मेगाहर्ट्झच्या पलीकडे जाते. म्हणजे घड्याळ तेच ठेवून नुसती चिप नव्या, चपळ जातीची घेतली, तरी यंत्र अधिक बडबडे होऊ शकते.

हा त्रास संगणकाइतकाच जुना आहे. १९७५ साली कॅलिफोर्नियात स्टीव्ह डॉम्पियर या हौशी संगणकवाल्याने आपल्या 'अल्टेअर ८८००' संगणकाशेजारी रेडिओ ठेवला आणि संगणकाच्या खरखरीतून चक्क गाण्याची धून वाजवून दाखवली. संगणकाला ध्वनिवर्धक नव्हता, रेडिओच त्याचा आवाज झाला. मौज वाटली खरी. पण घरोघरी संगणक आले तसे शेजाऱ्यांचे दूरदर्शन संच बिघडू लागले आणि १९७९ साली अमेरिकेने अशा उपकरणांसाठी उत्सर्जनाच्या मर्यादा ठरवल्या. 'टीआरएस-८०' हा तेव्हाचा अतिशय खपाचा संगणक त्या मर्यादांत बसेना, म्हणून त्याची पहिली आवृत्ती बंद करावी लागली. यंत्र उत्तम चालत होते, लोकांना हवेही होते. ते फक्त शांत नव्हते.

चिप बदनाम, तार गुन्हेगार

दोष चिपचा, असे सगळ्यांना वाटते. पण चिप बोटाच्या पेराएवढी असते. ९६ मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी ३ मीटरहून थोडी अधिक आहे. इतक्या लहान वस्तूतून इतकी लांब लहर सहजासहजी निघत नाही. मग ती निघते कुठून? थोडे गणित करू.

प्रवाह बॅटरीतून निघून चिपमधून फिरून बॅटरीत परत येतो. जाण्याच्या आणि येण्याच्या वाटेमध्ये जी जागा घेरली जाते, तिला आपण वेटोळे म्हणू. तुमच्या दहावीच्या पुस्तकात विजेच्या वेटोळ्याभोवतीचे चुंबकीय क्षेत्र आहेच. तेच वेटोळे इथे अँटेनाचे काम करते. समजा वेटोळ्याचे क्षेत्रफळ १० चौरस सेंटिमीटर आहे. घरगुती उपकरणांसाठी अमेरिकेच्या नियमांत ८८ ते २१६ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात, ३ मीटर अंतरावर, मीटरला १५० मायक्रोव्होल्ट ही मर्यादा आहे. ती गाठायला या वेटोळ्यात ९६ मेगाहर्ट्झचा सुमारे साडेतीन ते चार मिलिअँपिअर प्रवाह लागेल.

आता त्याच यंत्रातून ओलावा मोजणाऱ्या सळईकडे जाणारी १ मीटर लांबीची तार घ्या. या केबलमध्ये जाणारी आणि येणारी अशा दोन्ही तारा शेजारी शेजारी असतात, त्यामुळे त्यांची क्षेत्रे एकमेकांना खोडून काढतात. पण दोन्ही तारांतून एकाच दिशेने थोडासा चोर प्रवाह गेला, तर त्याला खोडणारे कोणी नसते. हा चोर प्रवाह किती असला की तीच मर्यादा गाठली जाते? सुमारे साडेसात मायक्रोअँपिअर! साधा एलईडी दिवा १० मिलिअँपिअर घेतो. त्याच्या हजाराव्या भागाहूनही कमी प्रवाह तारेत चुकीच्या वाटेने गेला की तुमचे यंत्र नापास. (दोन्ही गणितांत जमिनीवरून होणारे परावर्तन सोडून दिले आहे.)

वेटोळ्यापेक्षा तार सुमारे पाचशेपट घातक ठरली. यातून पहिला धडा मिळतो: चिपला शिव्या देण्याआधी बाहेर लोंबणाऱ्या तारा मोजा.

मोठी परीक्षा कशी घेतात?

रेडिओला होणाऱ्या उपद्रवाचा विचार करण्यासाठी १९३४ साली पॅरिसमध्ये एक आंतरराष्ट्रीय समिती काम करू लागली. 'सिस्पर' या नावाने ती आजही मर्यादा आणि मोजण्याच्या पद्धती ठरवते. आपल्याकडे मुंबईची 'समीर' ही सरकारी संस्था आणि वाहनांसाठी पुण्याची 'एआरएआय' अशा ठिकाणी या चाचण्यांच्या प्रयोगशाळा आहेत.

चाचणीची खोली पाहण्यासारखी असते. चारी बाजूंनी धातूचे पत्रे, म्हणजे बाहेरच्या आकाशवाणीची किंवा मोबाइलची लहर आत येऊ नये. आतून भिंतींना आणि छताला लहरी शोषणारे सुळके बसवलेले असतात, म्हणजे आतल्या लहरींचा प्रतिध्वनी उठू नये. मधोमध फिरत्या चकतीवर ८० सेंटिमीटर उंचीचे, धातू नसलेले टेबल, त्यावर यंत्र आणि त्याला जोडलेल्या सगळ्या तारा. ३ किंवा १० मीटरवर उभी केलेली अँटेना १ ते ४ मीटरपर्यंत वरखाली होते, कधी आडवी तर कधी उभी धरली जाते. यंत्र गोल फिरवून ते कोणत्या बाजूने सर्वांत मोठ्याने 'बोलते' हे शोधले जाते. साधारणपणे ३० ते १००० मेगाहर्ट्झपर्यंत हे मोजमाप हवेतून करतात. त्याखाली, १५० किलोहर्ट्झ ते ३० मेगाहर्ट्झपर्यंत, विजेच्या वायरीवाटे घरात शिरणारा उपद्रव मोजतात.

मोजणारा ग्राही नुसते शिखर मोजत नाही. एखादी खरखर क्वचित येत असेल तर ती कमी धरतो आणि सतत येत असेल तर जास्त. कारण ही पद्धत ठरवताना प्रश्न एकच होता: रेडिओ ऐकणाऱ्या माणसाला याचा किती त्रास होईल? एवढ्या महागड्या यंत्रसामग्रीच्या मुळाशी एका श्रोत्याचा कान आहे. मग तोच कान शाळेत का वापरू नये?

आकाश ऐकणारा शेजारी

कोणी म्हणेल, मळ्यात आजकाल रेडिओ ऐकतो कोण? पण रेडिओलहरी वापरणारे शेजारी अनेक आहेत. मेळघाटच्या जंगलात मोबाइल पोहोचत नाही अशा जागी बिनतारी संचच उपयोगी पडतो. आणि आपल्याच महाराष्ट्रात एक शेजारी असा आहे की त्याच्याइतका कान लावून बसलेला दुसरा कोणी नाही.

पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे 'जीएमआरटी' ही रेडिओ दुर्बीण आहे. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून ती उभी राहिली आणि २००१ साली राष्ट्राला अर्पण झाली. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरल्या आहेत. ही जागा निवडण्याचे एक मुख्य कारण म्हणजे तिथली रेडिओ शांतता. दुर्बिणीचे काम मुख्यतः १५०० मेगाहर्ट्झच्या खालच्या लहरींवर चालते. आपल्या १६ मेगाहर्ट्झच्या घड्याळाचे १६०, १७६, १९२ असे वरचे संनादी नेमके याच मुलखात जातात.

आकाशातल्या रेडिओस्रोतांची तीव्रता 'जान्स्की' या एककात मोजतात. हे नाव कार्ल जान्स्की या अमेरिकन अभियंत्याचे. समुद्रापारच्या बिनतारी दूरध्वनीत खरखर कुठून येते हे शोधण्याचे काम त्याच्याकडे होते. विजांचा उपद्रव वेगळा काढल्यावरही एक बारीक फुसफुस उरली. ती आपल्या आकाशगंगेतून येत होती. १९३३ साली त्याने हे प्रसिद्ध केले. खरखरीचा कसून तपास करणाऱ्या माणसाकडून खगोलशास्त्राची एक नवी शाखा सुरू झाली, हे तुम्ही विसरू नका.

आता आणखी एक गणित. वर सांगितलेल्या मर्यादेवर नेमके बसणारे, म्हणजे चाचणीत उत्तीर्ण झालेले यंत्र, ९६ मेगाहर्ट्झच्या त्या एका संनादीत किती ऊर्जा बाहेर टाकते? सुमारे ७ नॅनोवॅट. एका वॅटचे पंधरा कोटी भाग केले तर त्यातला एक. एखादा असाच संनादी दुर्बिणीच्या पट्ट्यात असून तो मोकळ्या जागेत १ किलोमीटरवरून पाहिला, तर त्याची तीव्रता ४ लाख जान्स्कींहून अधिक भरते. शर्मिष्ठा तारकासमूहातला प्रसिद्ध स्रोत हा आकाशातल्या सर्वांत प्रखर रेडिओस्रोतांपैकी एक. तोही या वारंवारतांवर काही हजार जान्स्कींच्या घरात आहे. आणि जीएमआरटीवर अभ्यासले जाणारे अनेक स्रोत जान्स्कीच्या हजाराव्या भागाहूनही मंद आहेत. प्रत्यक्षात तबकडीचे तोंड आकाशाकडे असते, मध्ये झाडे, टेकड्या, भिंती येतात, त्यामुळे परिणाम पुष्कळ कमी होतो. तरीही पुणे-नाशिक रेल्वेमार्गाच्या आखणीत या दुर्बिणीचा प्रश्न पुढे का आला, हे यावरून उमजेल.

यातून दुसरा धडा मिळतो. कायद्याने ठरवलेली मर्यादा ही किमान सभ्यता आहे, शांततेची हमी नव्हे.

घरच्या घरी तयारी

मग करायचे काय? आधी तपासणी पाहू. मध्यम लहरी आणि एफएम असे दोन्ही पट्टे असलेला बॅटरीवरचा छोटा रेडिओ घ्या.

१. यंत्र बंद ठेवून मध्यम लहरींवर जिथे कोणतेही स्टेशन लागत नाही अशी जागा शोधा. मग यंत्र चालू करा. घरघर, शिट्टी किंवा टकटक ऐकू आली, तर यंत्र पुन्हा बंद करून ती थांबते का, हे पाहा. थांबली तरच दोष तुमच्या यंत्राचा. घरातले एलईडी दिवे आणि मोबाइलचे चार्जरही हाच उद्योग करतात. म्हणून तपासणीच्या वेळी ते बंद ठेवा.

२. रेडिओ हळूहळू दूर न्या. खरखर नाहीशी होते ते अंतर पट्टीने मोजून वहीत लिहा. याला आपण 'शांततेचे अंतर' म्हणू. रेडिओची आवाजाची चकती मात्र प्रत्येक वेळी एकाच जागी ठेवा.

३. एफएमवर रिकाम्या जागी 'फुस्स' असा सतत आवाज असतो. इथे एक गंमत आहे. यंत्र चालू करताच ती फुसफुस एकाएकी थांबली, तर खूष होऊ नका! तुमच्या यंत्राचा संनादी रेडिओला स्टेशन वाटला आहे. १६ मेगाहर्ट्झच्या घड्याळासाठी ९६च्या आसपास, ८ मेगाहर्ट्झसाठी ८८, ९६ आणि १०४च्या आसपास हे करून पाहा.

४. आता एकेक तार काढत जा आणि प्रत्येक वेळी शांततेचे अंतर मोजा. जी तार काढल्यावर अंतर एकदम घटते, ती गुन्हेगार.

उपायही महागडे नाहीत. घड्याळ गरजेपुरतेच वेगाचे ठेवा. जमिनीचा ओलावा तासाभरात थोडासा बदलतो, त्यासाठी १६ मेगाहर्ट्झ कशाला? पुष्कळशा चिपांना १ मेगाहर्ट्झवर चालवता येते आणि दोन मोजण्यांच्या मध्ये झोपवताही येते. बॅटरीही अधिक टिकते. चिपच्या वीजपुरवठ्याच्या दोन पायांना अगदी चिकटून ०.१ मायक्रोफॅरडचा धारित्र, म्हणजे दुकानात मिळणारा साधा कपॅसिटर, बसवा. चिपला घोट हवा असेल तेव्हा तो शेजारच्याच रांजणातून मिळतो, बॅटरीपर्यंत हेलपाटा पडत नाही, आणि वेटोळे लहान राहते. जाणारी आणि येणारी तार एकमेकींना पीळ घालून न्या. तारा लागतील तेवढ्याच लांब ठेवा, उरलेल्या तारेची वेटोळी पेटीत कोंबू नका. बाहेर जाणाऱ्या संकेताच्या तारेत ५० ते १०० ओहमचा रोधक घातला की उडी थोडी संथ होते. संगणकाच्या जुन्या केबलवर जो काळा जाड मणी असतो तो फेराइटचा. चोर प्रवाहाला तो अडवतो. केबल पेटीतून बाहेर पडते तिथेच तो बसवा.

आणि पेटी? बिस्किटांचा पत्र्याचा डबा चांगला. पण झाकणाभोवतीची लांब फट ही स्वतःच अँटेना होते, आणि डब्यातून अडवल्याशिवाय बाहेर आलेली एक तार डब्याचा सगळा फायदा घालवते. म्हणून डबा सर्वांत शेवटचा उपाय समजा. प्रत्येक उपाय एकेकटा करून पाहा आणि अंतर लिहा. पाच उपाय एकदम केले तर यंत्र शांत होईल, पण कशामुळे झाले ते कळणार नाही.

काही आक्षेप

पहिला आक्षेप: शाळेतल्या एका मॉडेलने काय बिघडणार? एका मॉडेलने फारसे नाही. पण आजचे मॉडेल उद्या कोणाच्या तरी मळ्यात लागते, ते चांगले चालले की शेजारचे दहा शेतकरी तसेच मागतात. शिवाय हातावर बनवलेल्या यंत्राला कायदा सूट देतो तिथेही जबाबदारी संपत नाही. स्वतःच्या वापरासाठी घरी केलेल्या, विक्रीस न काढलेल्या पाचापर्यंतच्या उपकरणांना अमेरिकेच्या नियमांत चाचणीची सक्ती नाही. पण करणाऱ्याने चांगल्या रीतीनुसारच ते बांधावे, अशी अपेक्षा त्याच नियमात लिहिली आहे.

दुसरा आक्षेप: आम्ही प्रमाणित पट्टीच विकत घेतो, मग तपासायचे कशाला? प्रमाणपत्र त्या पट्टीचे असते. तुम्ही तिला जोडलेल्या ३ मीटर तारेचे नसते. आणि तार काय करू शकते, हे आपण पाहिलेच आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत प्रामाणिक: शेजाऱ्याच्या रेडिओसाठी आम्ही इतके कष्ट का घ्यावे? याचे उत्तर स्वार्थाचे आहे. जी तार लहरी चांगल्या सोडते, ती लहरी चांगल्या पकडतेही. झटका मशीनचा एक स्पंद तुमच्या लांब तारेतून चिपपर्यंत पोहोचला, तर मध्यरात्री मायक्रोकंट्रोलर गोंधळून पंप सुरू करू शकतो. विहिरीत पाणी नसेल तर मोटार कोरडी फिरून जळते. शेतकऱ्याच्या दृष्टीने हा हजारो रुपयांचा आणि हंगामाचा प्रश्न आहे. शांत यंत्र हे बहुधा खंबीर यंत्रही असते. पिळलेली तार, चिकटून बसवलेला कपॅसिटर, फेराइटचा मणी हे सगळे दोन्ही कामे करतात.

शिक्षकांना विनंती

शिक्षक बंधुभगिनींनो, २०१६ पासून देशात अटल टिंकरिंग प्रयोगशाळा सुरू झाल्या. आपल्याकडच्या ज्या शाळांना ती मिळाली, तिथे चिपा, पट्ट्या, सळया सगळे आले. त्या सामानात एक रेडिओ ठेवा. प्रदर्शनाच्या गुणपत्रिकेत १०० पैकी १० गुण शांततेला द्या. प्रत्येक मॉडेलच्या पाटीवर नाव, उद्देश, खर्च यांच्याखाली एक ओळ असावी: 'शांततेचे अंतर इतके सेंटिमीटर'. ते कमी कसे केले, याची वही शेजारी असावी. ज्या मुलाने २ मीटरवरून ३० सेंटिमीटरवर आणले, त्याला सुरुवातीपासून ३० सेंटिमीटर असलेल्या मॉडेलपेक्षा अधिक गुण द्या. कारण त्याने शोध घेतला आहे. शहरातल्या मोठ्या प्रयोगशाळेत जाण्याची ऐपत नसलेल्या शाळेलाही हे सहज जमेल.

आणि विद्यार्थी मित्रांनो, गुण मिळोत न मिळोत, तुम्ही आज संध्याकाळी एवढे करा. घरातला रेडिओ घेऊन मोबाइलचा चार्जर, एलईडी दिवा, दूरदर्शन संच, मोटारीचा ऑटो स्टार्टर यांच्याजवळ जा. प्रत्येकाचे शांततेचे अंतर वहीत लिहा. कोणती वस्तू सर्वांत जास्त बोलते? तारेची दिशा बदलली तर काय होते? यादी तयार झाली की तीत शेवटी तुमच्या यंत्राचे नाव लिहा आणि त्याच्यापुढचा आकडा प्रामाणिकपणे भरा.